रिमेन इन लाइट: पिंपाच्या तळाशी काय सापडलं

टेबलावर टर्नटेबल बघून काहींना वाटलं असेल, आपण चुकून दुसऱ्याच कार्यक्रमाला आलो. तसं नाही. मागच्या वेळी आपण डेव्हिड ह्यूमपाशी थांबलो होतो. आजही तिथूनच सुरुवात करायची आहे, फक्त वाट जरा वेगळी आहे.

जे आज पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अभिरुचीचा निकष काय, या प्रश्नावर ह्यूमचा एक छोटा निबंध आहे, १७५७ सालचा. त्यात त्याने डॉन किहोटेमधली एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातल्या दारूवर मत द्यायला बोलावतात. एक जण चाखून म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं आणि तळाशी एक जुनी किल्ली सापडते, चामड्याच्या वादीला बांधलेली. म्हणजे दोघंही बरोबर होते.

मागच्या वेळी शेवटच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं होतं, की सर, जे पिंप कधी रिकामंच होत नाही त्याचं काय? कविता संपत नाही, गाणं संपत नाही. मग किल्ली सापडणार कशी? मी तेव्हा काहीतरी गोल गोल उत्तर दिलं. घरी जाताना रिक्षात मला ही तबकडी आठवली. त्या बाई आज आल्या असतील तर हे त्यांच्यासाठी.

तबकडीचं नाव 'रिमेन इन लाइट'. बँड टॉकिंग हेड्स, न्यूयॉर्कचा. हा त्यांचा चौथा अल्बम, ८ ऑक्टोबर १९८० रोजी सायर रेकॉर्ड्सने काढलेला. या प्रकारच्या संगीताला 'न्यू वेव्ह' म्हणतात, आणि त्या नावाचीही एक गंमत आहे. मॅनहॅटनमधल्या सीबीजीबी नावाच्या क्लबात १९७५च्या सुमारास जे बँड वाजवत होते त्यांना लोक 'पंक' म्हणू लागले. 'पंक' म्हटलं की रेडिओवाले दार लावून घेतात, हे सायरचे सेमूर स्टाइन यांच्या लक्षात आलं. त्यांनी 'न्यू वेव्ह' हा शब्द पुढे रेटला. तो आला होता फ्रेंच सिनेमाच्या नव्या लाटेवरून. म्हणजे ज्या शब्दाने आपण संगीताचा प्रकार ओळखतो, तो निदान अर्धा विक्रीच्या सोयीसाठी रुळला. आपल्याकडे 'नवकथा', 'नवकाव्य' हे शब्द समीक्षकांनी रुळवले, तिथे दुकानदाराने. फरक फार मोठा आहे असं मला वाटत नाही, पण तो वाद आज नको.

बँडमध्ये चौघं. डेव्हिड बर्न गाणारा आणि गिटार वाजवणारा, टीना वेमथ बेसवर, क्रिस फ्रँट्झ ड्रमवर, जेरी हॅरिसन कीबोर्ड आणि गिटारवर. पहिले तिघं ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेतले. पाचवा माणूस निर्माता, ब्रायन ईनो. हा इंग्लिश माणूस स्वतःला वादक न म्हणवता स्टुडिओ हेच आपलं वाद्य मानणारा.

आता जरा कान द्या. या अल्बमची घडण समजल्याशिवाय त्याच्यावरची समीक्षा समजणार नाही.

नेहमीचं रॉक गाणं कॉर्डवर चालतं. एक स्वरमेळ, मग दुसरा, मग तिसरा, मग परत पहिला. गाणं पुढे जातंय असं वाटतं ते या बदलामुळे. १९८०च्या उन्हाळ्यात ही मंडळी बहामाजमध्ये नासाउजवळच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेली, तेव्हा त्यांच्याकडे गाणी तयार नव्हती. त्यांनी ठरवलं की कॉर्ड बदलायचीच नाही. एकेकाने लहानसा तुकडा वाजवायचा आणि तोच मिनिटंच्या मिनिटं वाजवत राहायचं. बेसचा एक तुकडा, त्यावर गिटारचा, त्यावर घंटांचा, त्यावर टाळ्यांचा. हे सगळं हाताने. आज संगणक हे चुटकीसरशी करतो, तेव्हा माणसालाच यंत्रासारखं वाजवावं लागे, आणि माणूस यंत्रासारखा वाजवायला लागला की जे किंचित हलतं, डुलतं, ते या तबकडीत भरून राहिलं आहे. मग ईनो आणि मंडळी मिक्सिंगच्या टेबलाशी बसून कुठला तुकडा चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा हे ठरवत. ध्रुपद कुठे, अंतरा कुठे, हे त्यातून निघालं. शब्द त्याच्याही नंतर आले. बर्न टेप घेऊन न्यूयॉर्कला परतला, आधी निरर्थक अक्षरं गुणगुणला, मग त्या अक्षरांच्या जागी शब्द बसवले. त्यातले काही त्याने रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या आवेशावरून उचलले.

आपल्या कानाला हे तितकं परकं नाही. तानपुऱ्याचा षड्ज तासभर हलत नाही आणि कुणी तक्रार करत नाही. आवर्तन फिरत राहतं. तुम्ही संगीत ऐकणारी माणसं आहात, तेव्हा एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळेल. 'वन्स इन अ लाइफटाइम' या गाण्यात वेमथच्या बेसचा तुकडा आहे. त्याची सम कुठे, हे ईनोने इतरांपेक्षा वेगळ्या जागी ऐकलं. चुकून. चूक लक्षात आली तेव्हा त्यांनी ती दुरुस्त केली नाही, दोन्ही समा राहू दिल्या. म्हणून ते गाणं ऐकताना पाय एका ठिकाणी पडतो आणि मान दुसऱ्या ठिकाणी हलते. तबलजीने असं केलं तर आपण त्याला खाली उतरवू. इथे मात्र गाण्यातला माणूसच असा आहे. आपल्या घरात उभा राहून तो विचारतोय की मी इथे आलो कसा. त्याचीही सम सुटलेली आहे.

तबकडी म्हणून बघा. पहिल्या बाजूला तीनच गाणी, सतरा मिनिटं. दुसऱ्या बाजूला पाच गाणी, तेवीस मिनिटं. हा फरक नुसता हिशोबाचा नाही. एलपीच्या एका बाजूला जितकी कमी मिनिटं, तितके चर रुंद कापता येतात, आणि रुंद चर सगळ्यात जास्त कुणाला लागतात तर बेसला. पहिली बाजू म्हणजे बेस, ड्रम आणि नाच, आणि तिला तिची जागा मिळाली आहे. दुसरी गोष्ट, तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेरे एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून जाणारा चर बाहेरच्या कडेला सेकंदाला पन्नासेक सेंटीमीटर सरकतो आणि आत लेबलापाशी वीसेक. जितकं आत जाल तितका तपशील घुसमटतो, वरचे स्वर बोथट होतात. दुसऱ्या बाजूला गाण्यांचा वेग हळूहळू उतरत जातो आणि सगळ्यात आत, त्या घुसमटलेल्या जागी, येतं 'द ओव्हरलोड'. सहा मिनिटांचं, काळवंडलेलं, जड गाणं. हे मुद्दाम तसं योजलं होतं असा दावा मी करत नाही. पण तबकडीवर ऐकलं की ते गाणं जणू स्वतःच्या वजनाने आत ओढलं जातंय असं वाटतं. सीडीवर तसं होत नाही, कारण तिथे पहिल्या आणि शेवटच्या गाण्याला सारखीच जागा मिळते. आणि मधे उठून तबकडी उलटावी लागते, तो अर्ध्या मिनिटाचा शांतपणा नाही.

या 'ओव्हरलोड'ची जन्मकथा मला आजच्या विषयासाठी फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरकडे जॉय डिव्हिजन नावाचा बँड होता. टॉकिंग हेड्सने त्यांचं संगीत ऐकलेलं नव्हतं. फक्त नियतकालिकांत त्याची वर्णनं वाचली होती. ती वर्णनं खरी असतील तर ते संगीत कसं वाजत असेल, अशी कल्पना करून त्यांनी हे गाणं केलं. म्हणजे समीक्षा वाचून संगीत केलं! समीक्षा नेहमी मागून येते असं आपण शिकवतो. मी तीस वर्षं शिकवलं. इथे ती आधी आली.

मी मात्र याच्या उलटं केलं, आणि ते आज कबूल करायचं आहे.

१९८२-८३ची गोष्ट. मी तरुण प्राध्यापक, पुण्यात. एका वाचनालयात परदेशी मासिकं चार-सहा महिने उशिरा यायची, ती मी अधाशासारखा वाचायचो. त्यात या अल्बमवर बरंच लिहून आलेलं वाचलं. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, यात शंका नाही. इंग्लंडमध्ये 'साउंड्स' आणि 'मेलडी मेकर' या दोन्ही साप्ताहिकांनी तो १९८०चा सर्वोत्तम अल्बम ठरवला. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'ने अमेरिकेतल्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो तिसरा आला. पहिला क्लॅशचा 'लंडन कॉलिंग', दुसरा स्प्रिंगस्टीनचा 'द रिव्हर'. लोकांनी त्या मानाने बेताचंच घेतलं. अमेरिकेच्या यादीत अल्बम एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत चढला. 'वन्स इन अ लाइफटाइम' हे गाणं ब्रिटनमध्ये चौदावं आलं, अमेरिकेत पहिल्या शंभरातही नाही.

पण ही स्तुती कशाची होती? मला जे लेख मिळाले त्यांत तीन गोष्टी पुनःपुन्हा येत. बर्नची बुद्धी, ईनोची बुद्धी, आणि आफ्रिका. आफ्रिका येण्याला कारण होतं. नायजेरियाच्या फेला कुटींचं आफ्रोबीट, विशेषतः १९७३चा 'आफ्रोडिझियाक' हा अल्बम, ईनो आणि बर्न यांच्या कानात होता. शिवाय अल्बमबरोबर समीक्षकांना जी माहिती पाठवली गेली तिला चक्क संदर्भग्रंथांची यादी जोडलेली होती. त्यात जॉन मिलर चर्नॉफ यांचं आफ्रिकी तालावरचं पुस्तक होतं. आता मला सांगा, नाचायच्या तबकडीला ग्रंथसूची! (हशा) मी हसलो आणि हसून थांबलो नाही. एका लहान नियतकालिकात टिपण लिहिलं की हे ग्रंथालयात बसून केलेलं नृत्य आहे, दुसऱ्याच्या घरातली भांडी आपल्या दिवाणखान्यात मांडण्याचा प्रकार आहे. वाक्य मला फार आवडलं होतं. तबकडी मी ऐकलेली नव्हती.

ती ऐकली १९८६ साली. न्यू जर्सीला असलेला माझा भाचा सुट्टीत आला, त्याने बॅगेत शर्टांच्या घडीत घालून आणली. मी त्याला माझं टिपण वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, त्याने पहिली बाजू लावली. दुसऱ्या गाण्याला आमची बाई, जी आत भाकऱ्या करत होती, ती बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि हातातल्या पिठासकट ठेका धरायला लागली. तिने ग्रंथसूची वाचलेली नव्हती. मामा, हे डोक्याने नाही ऐकायचं, एवढंच भाचा म्हणाला. मला राग आला, कारण तो बरोबर होता.

तेव्हा मला वाटलं, आता कळलं. हा शुद्ध तालाचा अल्बम आहे, बाकीचं सगळं कव्हरवरचं. हे माझं दुसरं मत. तेही अर्धंच निघालं.

कव्हर बघा ना. मी फिरवतो, जरा जपून हाताळा. चार चेहरे आणि त्यांच्यावर संगणकाने फासलेला लाल रंग, मुखवट्यासारखा. कोण कोणता ते ओळखू येऊ नये असा. एमआयटीतल्या संगणकावर, त्या काळात महिनोन्महिने खपून केलेलं हे काम. बँडच्या नावातले 'ए' उलटे टांगलेले. चित्र सांगतं की चौघं सारखे, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आणि श्रेयनामावली काय सांगत होती? पाचही जणांची नावं वर्णानुक्रमे द्यायची असं ठरलं होतं. पहिल्या छपाईत गाणी बर्न आणि ईनो यांच्या नावावर आली. फक्त दोन गाण्यांना हॅरिसनचं नाव जोडलेलं. वेमथ आणि फ्रँट्झ नाहीत. बेस आणि ड्रम नाहीत! तिघांनी हरकत घेतली, पुढच्या आवृत्त्यांत सगळ्यांची नावं आली. ईनोने त्यानंतर या बँडचा एकही अल्बम केला नाही.

मी म्हटलं ना, लेखांत बर्नची आणि ईनोची बुद्धी सारखी येत होती? समीक्षक काय करणार, त्यांच्या हातात जे कव्हर होतं तेच त्यांनी वाचलं. पण त्यांच्या कानातही काहीतरी होतं. जे संगीत एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवण्यावर उभं आहे, त्यात तो तुकडा वाजवणारी माणसं म्हणजे नुसती साथ असू शकते का? पाश्चात्त्य कायदा सूर आणि शब्द लिहिणाऱ्याला रचनाकार मानतो. ठेका धरणाऱ्याला तो मोबदला देतो, श्रेय देत नाही. आपल्याकडेही फार वेगळं नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तबलजीचं नाव कुठल्या टाइपात असतं, आठवून बघा. वेमथ आणि फ्रँट्झ यांनी १९८१ साली त्याच कंपास पॉइंटमध्ये टॉम टॉम क्लब नावाने स्वतःची तबकडी केली, आणि तिच्यातल्या 'जीनियस ऑफ लव्ह' या गाण्याचे तुकडे पुढची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजत राहिले. पिंपात चामड्याची चव कुठून येत होती ते तिथे कळलं. टीकाकारांना ती लागत होती, त्यांनी तिला दुसऱ्याच माणसाचं नाव दिलं होतं.

राहिलं लोखंड. म्हणजे आफ्रिका.

इथे मला अभिनवगुप्त आठवतो. रसाच्या आड येणारी सात विघ्नं त्याने सांगितली आहेत. त्यातलं एक असं, की समोरचा अनुभव माझा आहे किंवा त्याचा आहे, अमुक देशातला आणि अमुक काळातला आहे, या जाणिवेतच माणूस अडकून पडतो. माझं १९८३चं टिपण हे त्या विघ्नाचं शाळकरी उदाहरण आहे. 'त्यांचं' संगीत 'यांनी' घेतलं, एवढ्यावर मी बसलो. पण थांबा, म्हणून प्रश्नच विचारू नये असं नाही. गोऱ्या, कलाशाळेत शिकलेल्या माणसांनी लागोसहून उचललेला ताल न्यूयॉर्कमध्ये विकला, हे खरंच आहे, आणि याबद्दल अस्वस्थ होणारे तेव्हाही होते. त्यातली चूक इतकीच होती की 'त्यांना' कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी परस्पर त्यांचा वकील झालो होतो.

उत्तर आलं ते एका गायिकेकडून. अँजेलिक किजो, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाची. तिथली राजवट सोडून १९८३ साली ती पॅरिसला आली, म्हणजे मी पुण्यात टिपण लिहीत होतो त्याच सुमाराला. एका पार्टीत तिने 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकलं आणि म्हणाली, हे तर आफ्रिकन आहे. तिला सांगण्यात आलं की नाही, हे रॉक आहे, आफ्रिकनांना इतकं प्रगत काही जमायचं नाही. हे तिने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. बघा, किती विलक्षण प्रसंग आहे! मासिकांतले समीक्षक ग्रंथसूची वाचून आफ्रिका म्हणत होते, आणि जिने कानाने ओळखलं तिला खोटं ठरवलं जात होतं.

किजो ते विसरली नाही. २०१८ साली तिने अख्खा अल्बम, आठही गाणी त्याच क्रमाने, पुन्हा केला. आपल्या भाषांतली कडवी घातली, शिंगवाद्यं घातली. आणि ड्रमवर कोण बसलं होतं? टोनी ॲलन. फेला कुटींचा ड्रमर, ज्याच्या हातातून तो आफ्रोबीटचा ठेका मुळात निघाला. लागोसहून निघालेली गोष्ट नासाउ, न्यूयॉर्क, पॅरिस अशी फिरून पुन्हा त्याच हातांत आली. ती तबकडी ऐकली की मूळ अल्बममधल्या कितीतरी गोष्टी नव्याने ऐकू येतात. 'लिसनिंग विंड' हे दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं घ्या. परक्यांनी येऊन बळकावलेल्या मुलखातला एक माणूस त्यांच्याविरुद्ध बॉम्ब नेऊन ठेवतो, असं ते गाणं आहे. बर्न गातो तेव्हा ती दुरून केलेली कल्पना आहे, सहानुभूतीची आणि जरा भीतीचीही. किजो गाते तेव्हा अंतर उरत नाही. शब्द तेच.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. पिंप रिकामं होत नाही, बरोबर. तबकडी हजारदा वाजवली तरी तिच्या तळाशी काही दिसत नाही, फार तर चर झिजतात. पण ह्यूमच्या गोष्टीत एक गोष्ट आपण गृहीत धरली. किल्ली सापडायला पिंप रिकामंच व्हायला हवं, असं. इथे काय झालं? हॅरिसन, वेमथ, फ्रँट्झ यांनी आपल्या श्रेयासाठी भांडण केलं तेव्हा एक किल्ली सापडली. बेनिनहून आलेल्या बाईने पस्तीस-चाळीस वर्षांनी ते पिंप स्वतः पुन्हा भरलं तेव्हा दुसरी सापडली. पहिल्या दिवशीच्या समीक्षकांच्या जिभेला चव लागली होती, हे मी मान्य करतो. 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ख्रिस्टगाऊंनी त्याला 'ए' श्रेणी दिली ती काही ग्रंथसूची बघून नव्हे. पण जिभेला चव लागणं आणि ती कशाची हे सांगता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला बऱ्याचदा वेगळी माणसं लागतात. ह्यूमने जे आदर्श पारखी सांगितले, सरावलेले, तुलना केलेले, पूर्वग्रह नसलेले, त्यांत दारू गाळणारा नाही आणि द्राक्षं पिकवणाराही नाही. ही त्याच्या निबंधातली उणीव आहे असं मला आता वाटतं. सत्तरी ओलांडल्यावर वाटतंय.

क्रमवाऱ्यांबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. 'रोलिंग स्टोन'च्या सार्वकालिक पाचशे अल्बमांच्या यादीत २००३ साली हा १२६वा होता, २०२०च्या यादीत ३९वा. तबकडी तीच, एक स्वरही बदललेला नाही. बदललं ते मत देणारं मंडळ, आणि मधल्या काळात तुकडे जोडून गाणं करणं ही सगळ्या जगाची रीत झाली, त्यामुळे सगळ्यांचे कान. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याला घेतलं आहे. मला यात विजय वगैरे काही दिसत नाही. एवढंच दिसतं की १९८०ची स्तुती आणि २०२०ची स्तुती या एकाच गोष्टीच्या स्तुती नाहीत.

माझं ते टिपण अजून घरी आहे. फाडलेलं नाही. भाच्याने मागितलं होतं, दिलं नाही.

बरं, वेळ झाली. पहिली बाजू आपण चहाच्या आधी ऐकली. आता दुसरी लावतो. पहिलंच गाणं 'वन्स इन अ लाइफटाइम'. तुम्हाला सम कुठे सापडते ते बोटांवर मोजा आणि शेजाऱ्याशी ताडून बघा. जुळली नाही तर भांडू नका. पंख्याखालच्या मंडळींनी जरा पंखा बंद करा, सुई हलते.